ताटातला इतिहास, ताटलीतलं मीठ

नमस्कार श्रोतेहो. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांशी आज बोलायचं आहे. ज्यांची मुलं शाळेत जातात, त्यांनी हे मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवावं.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण मुलं कंटाळतात ती नेमकी तिथंच. दुपारचं ताट वाढा. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, बटाट्याची भाजी, सोलकढी. मग विचारा, पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, त्याच्या आधी हे ताट वाढलं असतं तर यातलं काय काय असतं? भात राहतो. नारळ, हळद, कोकम, तिरफळं राहतात. बटाटा उचलावा लागतो. पण हुमणातली मिरची? तीही गेली! मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई, पेरू, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. मग आपले पूर्वज तिखट कशानं करायचे, हे मूल आपणहून विचारतं. उत्तर मसाल्याच्या डब्यातच असतं, काळी मिरी. ज्या मिरीसाठी वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून १४९८ साली कालिकतला पोचला, तीच. आता नकाशा काढा, मूल स्वतः बोट फिरवील. गोव्याच्या मानकुराद आंब्यापाशी मात्र वाद होईल. आंबा आपलाच, पण कलमं बांधून जाती टिकवण्याचं काम पोर्तुगीज अमलात वाढलं. होऊ द्या वाद.

गणिताला मीठ घ्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरातलं ३५ ग्रॅम मीठ घेऊन त्यात पाणी घालत एक लिटर करा. त्यातलं २०० मिलिलिटर स्टीलच्या ताटलीत ओतून कडक उन्हात ठेवा. मीठ किती मिळेल, ते आधी वहीत मांडायला लावा. ७ ग्रॅम. पाणी आटलं की खरवडून तोला. थोडं कमीच भरेल. उरलेलं गेलं कुठं, हे शोधण्यात जी मजा आहे ती उत्तर बरोबर येण्यात नाही. जमलं तर उन्हाळ्यात गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं दाखवून आणा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी सोसून वाढणाऱ्या कोरगूट भाताची गोष्टही वाटेत सांगता येईल.

पण प्रत्येक जेवणाची परीक्षा करू नका हो! ‘पोळीचे चार तुकडे केले, एक खाल्ला, उरले किती?’ असं विचारलं की मूल पोळी टाकून उठतं, आणि त्याचं बरोबरच आहे. ज्याचं उत्तर स्वयंपाकाला खरोखर लागतं, तेवढंच विचारावं. सोलकढीचं प्रमाण चौघांचं आहे, जेवायला सात जण आहेत, तर नारळ किती खवायचे? हिशेब चुकला तर कढी पातळ होते आणि ते पंगतीला कळतं.

विज्ञानाला हळद पुरते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते तांबडं होतं, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. कोकमाच्या आगळात, म्हणजे घट्ट रसात, सोडा टाकल्यावर रंगाचं काय होतं, ते मी सांगत नाही. पेला मात्र खोल घ्या, फसफसून ओट्यावर येतं.