एन्कोडिंगसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी हे दोन आलेख बघा

(स्क्रीनवर टास्क मॅनेजर, मी कोपऱ्यात)

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी एक गोष्ट दाखवतो. ही फोर-के फाईल आत्ता माझ्या मशीनवर एन्कोड होतेय, म्हणजे दाबून लहान केली जातेय. हे दोन आलेख बघा. हा 'थ्रीडी'चा, जवळजवळ जमिनीला टेकलाय. आणि हा शेजारचा 'व्हिडिओ एन्कोड', पार वर जाऊन चिकटलाय. ज्या हजारो कुडा कोअर्सच्या, म्हणजे कार्डातल्या हिशोब करणाऱ्या छोट्या भागांच्या, जिवावर कार्डाची किंमत ठरते, ते आरामात बसलेत, आणि चिपच्या कोपऱ्यातला एक इवलासा तुकडा सगळा गाडा ओढतोय.

"दादा, व्हिडिओ एन्कोड करायचेत, बजेट ताणून सगळ्यात मोठं कार्ड घेऊ का?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की शेवटी म्हटलं, त्या तुकड्याची एकदा नीट ओळखच करून देऊ.

त्याला काम एकच. फ्रेम घ्यायची, दाबायची, पुढे ढकलायची. गेम आणि इफेक्ट यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. इंटेलने २०११ साली सँडी ब्रिज प्रोसेसरांत तो आणला, नाव क्विक सिंक. एनव्हिडियाने २०१२ साली केप्लर कार्डांत आणला, त्याचं नाव एनव्हेंक. एएमडीचाही त्याच सुमाराचा, त्याच्या आजच्या अवताराला व्हीसीएन म्हणतात.

आणि गोम इथेच आहे. एका पिढीतल्या लहान-मोठ्या कार्डांत हा तुकडा सहसा तोच असतो. आरटीएक्स ४०६० घ्या नाहीतर ४०९० घ्या, एनव्हेंक आठव्या पिढीचाच. फरक एवढाच की ४०९० मध्ये तो दोनदा बसवलाय. दोन असले की काम लवकर उरकतं, पण चित्र तसूभरही जास्त चांगलं येत नाही.

म्हणून किमतीकडे नंतर बघा, आधी पिढी बघा. एव्हीवन हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत, २०१८ साली आला, पण घरगुती कार्डांत त्याचा एन्कोडर यायला २०२२ उजाडलं. इंटेलची आर्क कार्डं, एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिका, एएमडीची आरएक्स ७००० मालिका. आरटीएक्स ३० वाल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. खोक्यावर एव्हीवन लिहिलेलं असतं, पण ते डिकोडिंगपुरतं. म्हणजे एव्हीवन बघता येतं, बनवता येत नाही. अॅपलच्या एम३ चंही तेच, डिकोडर मिळाला, एन्कोडर नाही. उलट आर्कच्या लहानात लहान कार्डातसुद्धा एव्हीवन एन्कोडर आहे. जुन्या मशीनला फक्त एवढ्यासाठी ते छोटं कार्ड जोडणारे लोक आहेत, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं.

तीन खड्डे दाखवून ठेवतो. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी, या कार्डांत एन्कोडरच नाही. जीटी १०३०, यात एनव्हेंक नाही. आणि इंटेलचे नावाच्या शेवटी 'एफ' असलेले प्रोसेसर. त्यांत अंगभूत ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे त्याबरोबर क्विक सिंकही गेलं. चार पैसे वाचले म्हणून खूश होऊन एफ घेणाऱ्यांत मीही एकदा होतो. चूक माझीच, पूर्ण नाव वाचायचा कंटाळा.

बरं, हा तुकडा एवढा वेगवान आहे, तर प्रोसेसरवर तासन्‌तास एन्कोडिंग करत बसणारे लोक वेडे आहेत का?

नाहीत. एन्कोडर करतो काय, तर शोध. हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? तिथून किती सरकला? सापडला, तर पूर्ण चित्र साठवायची गरज नाही, "तिथून उचल" एवढं लिहिलं की झालं. चिपमधल्या तुकड्याला हा शोध ठरावीक वेळात आटपावाच लागतो, आणि त्याची शोधायची पद्धत सिलिकॉनमध्येच कोरलेली असते. प्रोसेसरवर चालणारं एक्स२६४ किंवा एक्स२६५ सारखं सॉफ्टवेअर मात्र, तुम्ही मुभा द्याल तितका वेळ शोधत राहतं. प्रीसेट 'स्लो' किंवा 'व्हेरी स्लो' म्हणजे दुसरं काही नाही, अजून शोध, अजून शोध. म्हणून त्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसतं.

आता निवड करायला एकच प्रश्न पुरतो: ही फाईल कशासाठी आहे? थेट प्रक्षेपण, स्क्रीन रेकॉर्डिंग, क्लायंटला घाईत दाखवायचा कच्चा व्हिडिओ, असं असेल तर चिपचा तुकडा, डोळे मिटून. वर्षानुवर्षं जपायचा संग्रह किंवा हजारो लोक डाउनलोड करणार अशी फाईल असेल तर प्रोसेसर. तिथे एन्कोडिंगला एकदाच रात्रभर लागेल, पण जागा दरवेळी वाचेल.

एक सांगायचं राहिलं. दोन्हीची तुलना करताना दर्जा ठरवायचा आकडा जुळवू नका. एक्स२६४ चा सीआरएफ २३ आणि एनव्हेंकचा सीक्यू २३ या वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत. अहो, एक्स२६४ आणि एक्स२६५ या भावंडांचंच पटत नाही, एकाचा डिफॉल्ट २३, दुसऱ्याचा २८.

प्रोसेसर घ्यायचं ठरलं, की पुढचा मोह असतो कोअर्सचा. जितके जास्त तितकं चांगलं, हो ना? थांबा, कागदावर काढून दाखवतो.

(टेबलावरचा कागद, वरून)

ही फुल एचडी फ्रेम, १९२० बाय १०८०. एक्स२६५ तिचे ६४ बाय ६४ चे चौकोन पाडतो. एका ओळीत ३०, अशा ओळी १७. प्रत्येक ओळ वेगळ्या कोअरला देता येते, पण अट अशी की खालची ओळ वरच्या ओळीच्या दोन चौकोन मागे राहिली पाहिजे, कारण तिला वरच्या शेजाऱ्यांची माहिती लागते. म्हणजे असा जिना तयार होतो. पहिली ओळ लगेच निघाली, दुसरी दोन चौकोनांनंतर, तिसरी चार चौकोनांनंतर. सोळाव्या ओळीची पाळी यायला ३० चौकोन थांबावं लागतं, आणि तोवर पहिली ओळ संपलेली असते! एका वेळी जास्तीत जास्त १५ ओळी चालू. सुरुवातीला आणि शेवटी तर त्याहून कमी. सगळ्या चौकोनांना सारखाच वेळ लागतो असं धरून हिशोब केला तर एकूण ५१० चौकोन, आणि एकेका चौकोनाएवढ्या वेळाचे ६२ टप्पे. सरासरी पडते आठ. कोअर्स बत्तीस घ्या, या फ्रेमला सरासरी आठच कामाला लागणार.

एक्स२६५ हुशार आहे, तो पुढच्या फ्रेम्सही सुरू करून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात स्थिती इतकी वाईट नसते. पण तिथेही एक फ्रेम दुसरीवर अवलंबून असतेच. हाच हिशोब फोर-केला केला तर सरासरी सोळाच्या आसपास जाते. मग सोळा कोअर्सचा प्रोसेसर शोभून दिसतो. आणि भरपूर कोअर्स आधीच घेऊन बसला असाल तर दोन फाईल्स एकदम लावा, किंवा एका फाईलचे तुकडे करून समांतर चालवा. एसव्हीटी-एव्हीवन हा एन्कोडर मुळातच अनेक कोअर्ससाठी लिहिलाय, तो जास्त चांगला पसरतो.

पण कोअर्सपेक्षा मला जास्त छळलंय उष्णतेने. दोन तासांचा कार्यक्रम लॅपटॉपवर रात्री लावला आणि झोपलो. लावताना स्क्रीनवर स्पीड दाखवत होता ०.९ एक्स, म्हणजे जवळपास व्हिडिओच्याच वेळेत संपणार. सकाळी उठून बघतो तर ०.४ एक्स, पंखा किंचाळतोय, कीबोर्डला हात लाववत नाही, आणि काम अजून बाकी. गेममध्ये भार वर-खाली होतो, मशीनला मध्येमध्ये श्वास घेता येतो. एन्कोडिंगला मध्यंतर नाही. त्यामुळे जाहिरातीतला बूस्टचा आकडा विसरा, सतत तासभर कोणता वेग टिकतो ते बघा. डेस्कटॉपवर चांगला कूलर, हवा खेळती राहील असा कॅबिनेट. आणि थोडं आवरतं घ्यायलाही शिका. सोळा कोअर्सचा रायझन ९ ७९५०एक्स मूळ सेटिंगला २३० वॉटपर्यंत जातो. त्याला बायोसमधून ६५ वॉटच्या इको मोडवर टाकलं की मर्यादा येते ८८ वॉटवर, आणि वेग काही त्या प्रमाणात घसरत नाही. रात्रभर चालणाऱ्या मशीनला मी तरी हेच करेन.

डिस्क? साधी चालेल. १०० मेगाबिटची फाईल म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा एवढं हसत देते. महागडी एनव्हीएमई एडिटिंगला घ्या, एन्कोडिंगसाठी नको. गर्दी होते ती मेमरीत. फोर-के, ६० फ्रेम्स, आठ बिट, एकदा उलगडलं की सेकंदाला जवळपास साडेसातशे मेगाबाइट. दहा बिटला त्याच्या दुप्पट. म्हणून रॅमची एक पट्टी लावून दुसरा खण रिकामा ठेवू नका, दोन लावा. सोळा जीबीत भागतं, फोर-के नेहमीचं असेल तर बत्तीस.

आता ज्यांचं मूळ फुटेज कॅमेऱ्यातून दहा बिट ४:२:२ एचईव्हीसीत, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, येतं त्यांच्यासाठी. तुमची अडचण एन्कोडिंगच्या आधीच सुरू होते, ती फाईल उलगडताना. हे फुटेज हार्डवेअरवर उलगडणं एनव्हिडियाच्या कार्डांना जमलं ते थेट आरटीएक्स ५० मालिकेत, २०२५ साली. त्याआधीचं ४०९० असलं तरी टाइमलाइन अडखळणार. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतलं अंगभूत ग्राफिक्स हे काम कधीचं करतंय. म्हणजे तोच, एफवाल्यांनी घालवलेला तुकडा.

मोठं कार्ड कुणी घ्यावं मग? ज्यांच्या एक्सपोर्टमध्ये नॉइज रिडक्शन आहे, थरावर थर कलर ग्रेडिंग आहे, त्यांनी. ते काम खरंच त्या हजारो कोअर्सवर जातं. तुमच्या मशीनवर 'थ्रीडी' किंवा 'कुडा'चा आलेख वर जातोय का ते बघितलं की कळेल.

आणि काहीही घेण्याआधी स्वतःच्या फुटेजमधली दोन मिनिटं कापून घ्या. सोपा भाग नको. अंधारातली भिंत, हलणारी पानं, धूर, वाहतं पाणी, असं काहीतरी. ज्याच्याकडे ते हार्डवेअर आहे त्याच्याकडून ती एन्कोड करून आणा, चिपवर एकदा आणि प्रोसेसरवर एकदा, दोन्ही फाईल्स सारख्याच एमबीच्या. मग मोठ्या स्क्रीनवर अंधाराच्या जागी पॉज करा. चिपवाल्या फाईलीत भिंतीवर चौकोन तरंगताना दिसले तर तुम्हाला प्रोसेसर लागणार. दोन्ही सारख्याच दिसल्या तर लहानातलं लहान नवीन कार्ड घ्या.