एका वेळी एक फळी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या खान्देशात घर काढायचे मुहूर्त ठरलेले आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, त्याच्या आधी एकदा. श्रावणात कानबाई देवी बसते, त्याच्या आधी एकदा. मग दिवाळी आहेच. तिन्ही वेळा घर लख्ख होतं, पण सामान तेवढंच राहतं. माळ्यावरचं खाली येतं, झटकलं जातं आणि संध्याकाळी परत माळ्यावर जातं. हे सामान कमी कसं करायचं, ते आज सांगायचं आहे. पद्धत एका ओळीची आहे: एका वेळी एक फळी. आणि त्या फळीवरच्या वस्तू ज्याच्या, तो माणूस समोर बसलेला हवा.

एका दिवसात सगळं घर का काढू नये, यासाठी एरंडोल तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका घराची गोष्ट ऐका. धाब्याचं जुनं घर, पुढे ओटा, मागे खळं, घरात तीन पिढ्या. मधल्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पत्र्याचे डबे. तेलाचे, बिस्किटांचे, वनस्पती तुपाचे. माळ्यावर गोण्या, गोण्यांवर ट्रंका. आखाजी आठ दिवसांवर आलेली. दोघा भावांनी ठरवलं, एक रविवार मोडायचा आणि घर रिकामं करून टाकायचं. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात लावली. आजीला सांगितलं, तू ओट्यावर बस, धुळीत येऊ नको.

सकाळी सहाला सुरुवात झाली. पहिले दोन-तीन तास काम नीट चाललं. डबा उघडायचा, आत बघायचं, ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. नऊनंतर ऊन तापलं. आखाजीच्या सुमाराचं आपल्याकडचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. अकराला अंगणात सामानाचा डोंगर आणि माणसं घामाने निथळत होती. मग डबे उघडणंच थांबलं. डबा कानाशी हलवायचा, वाजला तर घरात, नाही वाजला तर ट्रॉलीत. दुपारी एकला कोणाच्यातच त्राण उरलं नाही. अंगणात जे उरलं होतं ते जसंच्या तसं उचलून परत आत रचलं. म्हणजे अर्धं सामान न बघता गेलं आणि अर्धं न बघता राहिलं.

जे गेलं, त्यात हिंगाची एक पत्र्याची डबी होती. झाकण सैल होतं. नातवाने आत बघितलं तर नुसती राख. त्याने राख उकिरड्यावर उपडी केली आणि डबी भंगारात टाकली.

आखाजी झाली. लेकी आल्या, झोक्यावर बसल्या, गेल्या. मृग जवळ आला, रोप टाकायची वेळ झाली. आजी फळीजवळ गेली, सगळ्या फळ्या चाचपल्या आणि विचारलं, "वांगानं बी कथं शे?"

ते बी त्या राखेत होतं. भरिताच्या वांग्याचं, घरचं. वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकवायचं, कापून बी पाण्यात चोळून काढायचं, सावलीत वाळवायचं आणि चाळलेल्या राखेत मिसळून डबीत भरायचं. राख ओल शोषते आणि किडीला आत येऊ देत नाही. कोरडं राहिलं तर वांग्याचं बी चार-पाच वर्षं उगवतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आता भौगोलिक मानांकन आहे. पण या घरातलं बी आजीला तिच्या सासूने दिलेलं होतं, आणि ते दुकानात मिळणारं नव्हतं. त्या डबीत काय आहे, हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या दिवशी तिला ओट्यावर बसवलं होतं.

बी परत मिळालं, ते थोरल्या लेकीमुळे. तिने आदल्या आखाजीला जाताना चिमूटभर बी पदराच्या गाठीत बांधून सासरी नेलं होतं आणि तिथे पेरलं होतं. निरोप गेला, चार दिवसांत एसटीने येणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती कागदाची पुडी आली. रोप थोडं उशिराने पडलं, पण पडलं. त्या हिवाळ्यात त्या घरी पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली आणि लाकडी बडगीत भरीत ठेचलं गेलं.

पुडी आली त्याच दिवशी आजीने घरात एक अट घातली. "मन्हा डोयासमोर काढा, मंग काय बी काढा." धाकट्या सुनेने ती अट मनावर घेतली. रोज सकाळी चहानंतर एक फळी. आजी बाजेवर बसलेली, सून एकेक डबा तिच्या हातात देणार, आजी सांगणार आत काय आहे, कोणाचं आहे, कधी लागतं. अर्धा तास झाला की थांबायचं, फळी अर्धी राहिली असली तरी थांबायचं. गंमत अशी की जी आजी प्रत्येक वस्तूला "ऱ्हाऊ दे, कामनं शे" म्हणायची, तिने स्वतःच्या हाताने निम्म्याहून जास्त डबे काढायला सांगितले. तिचा जीव डब्यांवर नव्हताच. विचारल्याशिवाय काढतील, ही तिची धास्ती होती. पुढच्या आखाजीला मधल्या खोलीत दोन खाटा मावायला लागल्या.

तर पुन्हा सांगते. एका वेळी एक फळी, आणि वस्तू ज्याची तो समोर.

फळीवरचं सगळं खाली घ्या आणि चार वाटे करा. ठेवायचं, द्यायचं, भंगारात घालायचं, आणि चौथा वाटा, ठरत नाही असं. हा चौथा वाटा फार महत्त्वाचा. तो नसला की प्रत्येक वस्तूपाशी वाद होतो आणि अर्ध्या तासात दोन डबे होतात. ठरत नाही ते गोणीत भरा, गोणीच्या तोंडाला चिठ्ठी बांधा, चिठ्ठीवर तारीख आणि आत काय आहे ते लिहा. द्यायचं आणि भंगाराचं सामान त्याच आठवड्यात घराबाहेर गेलं पाहिजे. दाराआड ठेवलेली गोणी महिनाभरात परत फळीवर चढते.

चौथ्या वाट्याची मुदत किती? सहा महिने वापरलं नाही तर टाका, असा सल्ला हल्ली ऐकायला मिळतो. तो आपल्या घरांना लागू नाही. मांड्यांचं खापर वर्षात एक-दोनदाच चुलीवर चढतं. बडगी हिवाळ्यातच निघते. कानबाईचं सामान श्रावणातच लागतं. म्हणून मुदत आखाजी ते आखाजी. सगळे सण एकदा होऊन जाऊ द्या. त्या गोणीला मधे कोणी हात लावला नाही, तर ती जाऊ द्या. कानबाईच्या रोटांच्या वेळी लागणारी मोठी पातेली मात्र प्रत्येक घरी कशाला हवीत? भाऊबंदकीत एक संच ठेवा, ज्याच्या घरी कार्य त्याने न्यावा.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. फळीवरून सगळ्यात जास्त निघतात ते आहेराचे टॉवेल, टोप्या आणि ब्लाउजपीस. ते कोणी वापरत नाही. या लग्नातून त्या लग्नात फिरतात, घडीवर घडी पिवळी पडते. मानपान हवाच असेल, तर पाकिटात पन्नास रुपये घाला. वधूवरांच्या उपयोगी पडतील. नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यांचंही तेच.

भंगारवाला येण्याआधी पितळ, तांबं, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि लोखंड वेगवेगळं करा आणि घरच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. मिसळलेल्या ढिगाला हलक्या धातूचाच भाव मिळतो. माळ्यावरचं काम उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. जुनी गोणी आधी काठीने हलवा, मग हात घाला. पायात बूट हवेत, विंचू गोणीच्या घडीतच असतो. उंदरांच्या लेंड्या असतील तिथे कोरडा झाडू मारू नका. नाकाला फडकं बांधा, पाणी शिंपडा आणि ओल्या फडक्याने पुसा.

कागदांची पेटी शेवटी घ्या, आणि घाईत तर मुळीच घेऊ नका. विजेची जुनी भरलेली बिलं, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं गेली तरी चालतील. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, मोजणीचा नकाशा, हस्तलिखित जुना सातबारा जपा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला फाटका असला तरी फेकू नका. जात पडताळणीला ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. नातवंडांच्या प्रवेशाच्या वेळी तोच तुकडा शोधत घर उलटंपालटं होतं. असे कागद लॅमिनेट करू नका, नंतर ते सोडवता येत नाहीत. भिंतीपासून हातभर दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवा, म्हणजे वाळवी सहज पोचणार नाही.

आणि एक फळी अशी आहे, जिच्यासाठी आखाजीची वाट बघायची नाही. कापसावर फवारलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन. त्यात रॉकेल, तेल, बियाणं, काहीही भरू नका. प्लास्टिकमध्ये औषध मुरतं, साबणाने जात नाही. पुढच्या वेळी बाटली संपली की शेतातच पाव बाटली पाणी घालून हलवा, ते पाणी पंपात ओता. असं तीनदा करा. मग बुडाला भोक पाडा, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही. जाळू नका, धूर विषारी असतो. विहिरीजवळ, नाल्यात टाकू नका. घरात आज अशा बाटल्या असतील, तर पोरांचा हात पोचणार नाही अशा कुलुपाच्या जागी, गोठ्यापासूनही लांब ठेवा. उद्या सकाळची पहिली फळी तीच घ्या.

नमस्कार.