चार बिस्किटं आणि तुरीची एक ओळ

राम राम मंडळी. सकाळी आठला खाल्लेलं कधी दुपारी एकपर्यंत पुरतं, तर कधी हात दहालाच पुन्हा डब्याकडे जातो. माणूस तोच, पोट तेच. फरक पडतो तो ताटात काय होतं त्यानं. हे मी पुढं आणखी एकदा सांगणार आहे, कारण रेडिओला मागचं पान उलटता येत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात 1995 साली सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. पदार्थ घेतले 38. प्रत्येक वाढप 240 कॅलरींचं, ना कमी ना जास्त. खाल्ल्यावर दोन तास, दर 15 मिनिटांनी विचारायचं, पोट किती भरल्यासारखं वाटतं? पांढऱ्या पावाला 100 गुण धरले. केकला मिळाले 65. आणि पहिला नंबर कुणाचा? उकडलेल्या बटाट्याचा, 323. पाहुणे वाढले की रस्सा पुरवायला आपण जो चिरून टाकतो, तोच बटाटा. उकडलेला म्हटलं मी, तळलेला नाही. उकडलेला.

पण हे मी वाचलं फार नंतर. त्याआधी मला ते एका बुढीनं शिकवलं, माझ्याच वावरात.

डिसेंबर होता, कपाशीचा दुसरा वेचा. वेचायला बाया मिळेनात. आदल्या रात्रीच कोणीतरी ऑटो पाठवून अख्खी टोळी पळवून न्यायचं. मी म्हटलं, आपण काहीतरी वेगळं करू. मजुरी तर देऊच, वरून सकाळचा नाश्ता देऊ. माय म्हणाली, "बेसन-भाकर दे मंग. ज्वारी हाये घरात." मी म्हटलं, माय, कोण थापत बसेल बारा जणींच्या भाकरी? चहा-बिस्किट देतो. तालुक्याहून पुड्यांचा खोकाच आणला. मोठ्या गंजात चहा उकळला, साखर सढळ हातानं. प्रत्येकीला चार बिस्किटं. बाया खूश, मी त्याहून खूश. नाश्ता मिळणार म्हणून त्यांच्यातल्या कुणीही घरून खाऊन आली नव्हती, हे मला ठाऊक नव्हतं.

आठ वाजता कामाला लागल्या. नऊपर्यंत हात असे चालले की कमरेच्या ओट्या भराभर फुगल्या. साडेनऊला गप्पा थांबल्या. मंडळी, वेचणाऱ्या बाया गप्प झाल्या की समजावं, काहीतरी बिनसलं. दहा वाजता पाहतो तर ओळीत कोणीच नाही. शिदोरी सोडली म्हणावं तर फडकी बांधावर जशीच्या तशी. दुपारच्या आधी शिदोरी सोडायची नाही, हा त्या टोळीचा नेम.

धूर दिसला म्हणून गेलो. माझ्याच चहाच्या गंजाखाली काटक्या पेटवलेल्या, आणि गंजात तुरीच्या शेंगा उकडत होत्या. कपाशीत सहा ओळींमागे एक ओळ तूर लावली होती मी. त्यातली बांधाकडची ओळ पार ओरबाडलेली. मी म्हटलं, "हे काय करू राह्यल्या?"

टोळीची म्होरकी बुढी शेंग सोलता सोलताच म्हणाली, "भाऊ, तुमचं बिस्कुट पोटात गेलं, पण पोटाले पत्ताच नाई लागला."

आता काय बोलणार? तिनं मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मीही तिथंच बसलो. हिरवा दाणा, गरम, साल दातानं ओढली की खारट पाणी जिभेवर. मीठ तिच्याच फडक्यातलं होतं. अर्ध्या तासानं बाया उठल्या आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या. एरवी साडेबाराला सुटणारी शिदोरी त्या दिवशी दोन वाजता सुटली. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगतो. संध्याकाळी जाताना बुढी म्हणाली, "उद्या बिस्कुटं नोका आणू भाऊ. मीठ आणा."

तर झालं काय? चार बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर. त्यात चोथा नाही, पाणी नाही, आणि वजन तरी किती! जठर ताणलं गेलं की तिथल्या नसा मेंदूला कळवतात. इथं ताणायला काही नव्हतंच. गोड चहातून कॅलरी मिळतात, पण पातळ प्यायलेलं चावून खाल्लेल्यासारखं टिकत नाही. तुरीच्या ओल्या दाण्यात प्रथिनं, चोथा आणि पाणी, तिन्ही एका सालीत. पुन्हा सांगतो: प्रथिनं, चोथा, पाणी. प्रथिनं आतड्यात उतरली की तिथून 'आता पुरे' असा निरोप निघतो. तो पोचायला वेळ लागतो, साधारण वीसेक मिनिटं. शेंग सोलून खाताना तेवढा वेळ आपोआप जातो. पंगतीत तो जायचा, वाढपी येईपर्यंत. आता लग्नात बुफे आला, माणूस हातात ताट घेऊन उभ्यानं दहा मिनिटांत जेवतो आणि मग गुलाबजामच्या रांगेत दुसऱ्यांदा लागतो. मला तो बुफे आवडत नाही, हे माझ्या घरच्या लग्नातही मी बोललो होतो. कोणी ऐकलं नाही.

ज्वारीच्या कण्या आणि ताक यांचंही गणित हेच. पण ज्वारी पेरतो कोण आता? सगळं सोयाबीन. जनावरांना कडबा विकत आणावा लागतो, असे दिवस आले.

काचेपलीकडून हात दिसतोय, वेळ संपली. एकच राहिलं. डायबिटीसवाल्यांनी 323 ऐकून बटाट्यावर ताव मारू नका. पोट भरणं एक, साखर वाढणं दुसरं. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

हां, आणि उरलेल्या पुड्यांचं काय केलं, असं लोक नेहमी विचारतात. कागद काढून बैलापुढं टाकले. त्यानं एका दमात संपवले आणि कडब्याकडं तोंड वळवलं.