पहिली बाटली कोणी भरायची?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘आंतरराष्ट्रीय पर्यावरणीय आपत्तीसाठीचे फिरते तज्ज्ञ पथक अद्ययावत कसे करावे’ असा भारदस्त विषय छापलेला आहे आणि मी मात्र कागदात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन उभा आहे. ती पिण्यासाठी नाही, एवढे अध्यक्षांच्या कानावर आधीच घालून ठेवतो. आज सकाळी पंचगंगा घाटावर मी ती भरली. शेवटी उघडून दाखवेन.

पथकाची ओळख थोडक्यात करून देतो. एखाद्या देशात खाणीचा गाळ-सांडपाणी अडवणारे धरण फुटले, रसायनांचे जहाज बुडाले किंवा कारखाना उडाला आणि त्या देशाची यंत्रणा अपुरी पडली, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व मदतकार्य अशा दोन विभागांनी १९९४ मध्ये जिनिव्हात उभारलेल्या संयुक्त कक्षाकडे मदत मागता येते. मग नेदरलँड्ससारखे देश रसायनतज्ज्ञ आणि पेट्यांत बसणारी प्रयोगशाळा पाठवतात. अशी पथके आता सुधारायची म्हटले की चर्चा लगेच नव्या यंत्रांवर जाते, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

त्यासाठी एक जुनी हकिगत सांगतो. ज्यांनी ती माझ्याकडून पूर्वी ऐकली आहे त्यांनी चेहरा नवा ठेवावा. शिरोळ तालुक्यातील एका बंधाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात मासे वर आले. मी पोहोचलो तेव्हा काठावर मेलेल्या माशांचा पांढरा पट्टा होता, जिवंत मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवेसाठी धडपडत होते आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता. एका कार्यालयातून नमुना घ्यायला एक तरुण आला. मुलगा प्रामाणिक, पण त्याला बाटली कोणी दिलेलीच नव्हती. त्याने शीतपेयाची रिकामी बाटली विसळली, अर्धी भरली, मोटारसायकलच्या डिकीत टाकली आणि आपल्या रस्त्यांवरून ती घुसळत घुसळत नेली. पुढे शनिवार, रविवार आणि एक सण. अहवाल आला, त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला चार मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे मासे जगण्यास योग्य! कागदोपत्री त्या बंधाऱ्यातील एकही मासा मेलेला नव्हता. वस्तुतः अर्ध्या बाटलीतील हवाच डिकीत पाण्यात मिसळली होती. प्रयोगशाळेचे यंत्र उत्तम होते, तपासनीस हुशार होता, अहवालावरचा शिक्का तर फारच सुबक होता. चूक झाली ती पहिल्या पाच मिनिटांत, नदीकाठी.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे मानून खजील होऊ नका. ३० जानेवारी २००० च्या रात्री रोमानियातील बाया मारे येथे सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी उपनद्यांतून हंगेरीच्या तिसा नदीत आणि तिथून डॅन्यूबमध्ये उतरले. आंतरराष्ट्रीय पथक तिथे पोहोचले ते फेब्रुवारीच्या अखेरीस, तेव्हा सायनाइडची लाट केव्हाच पुढे निघून गेली होती. तज्ज्ञांनी गाळ, विहिरी, पाणी सारे तपासले. परंतु ती लाट कोणत्या गावापाशी किती तीव्र होती हे कळण्यासाठी नदीकाठच्या देशांनी त्या त्या दिवशी घेतलेल्या नोंदींचाच आधार होता. वाहते पाणी तज्ज्ञाची वाट पाहत नाही. आपल्याकडे २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा जिनिव्हाचे राहू द्या, पुण्याचे पथकसुद्धा कराडच्या अलीकडेपलीकडे अडकले असते.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे: ‘सात मिनिटे’. म्हणजे पत्रिकेवरचा मूळ विषय आता सात मिनिटांत आटोपायचा आहे. दोष माशांचा नव्हे, माझा.

पथकाचा वेग विमान उतरल्यापासून मोजतात. तो अपघाताच्या क्षणापासून निर्णयापर्यंत मोजावा. तसे केले की सुधारणेचा क्रमच बदलतो. सर्वांत आधी, यंत्राशिवाय जे कळते ते निघण्यापूर्वीच हिशेबात घ्यावे. नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी जिनिव्हाच्या कक्षासाठी ‘फ्लॅश एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट टूल’ ही पद्धत तयार केली आहे: कारखाना कोणता, रसायन कोणते, साठा किती, माणसे आणि पाणी किती अंतरावर, एवढ्यावरून धोक्याची उतरंड लावता येते. भोपाळमध्ये १९८४ साली डॉक्टरांना आपण कोणत्या वायूवर उपचार करतो आहोत हेच नीट ठाऊक नव्हते. साठ्यांची यादी दवाखान्यात असती, तर निदान अंधारात चाचपडणे टळले असते.

यंत्रे हवीतच. नायजेरियातील झांफारा भागात २०१० मध्ये सोन्याचे खनिज घराघरांत दळल्यामुळे शिशाच्या विषबाधेने शेकडो मुले दगावली. तिथे हातात धरण्याजोगे क्ष-किरण यंत्र अंगणातील मातीतले शिसे जागेवरच सांगत होते, आणि नेदरलँड्सची फिरती प्रयोगशाळाही तिथे गेली होती. पण हेच यंत्र ओल्या मातीवर कमी आकडा दाखवते. पुरानंतर चिखलात ते लावणाऱ्याने आधी माती वाळवायला चूल कुठे मिळेल ते पाहावे. शिवाय वीज, डिझेल, पिण्याचे पाणी पथकाने बरोबर आणावे. पूरग्रस्त गावाने पाहुण्यांसाठी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची तयारी करू नये, कोल्हापूरकरांना हे कितीही जड गेले तरी.

आणि पथकाच्या खर्चातील मोठा वाटा परदेशी तज्ज्ञाच्या तिकिटाऐवजी काठावरच्या माणसावर खर्च व्हावा: बंधाऱ्याचा कर्मचारी, पाणीपुरवठ्याचा वायरमन, महाविद्यालयातील रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. त्यांना बाटल्या द्या, दोन द्रावणे द्या आणि अर्धा दिवस शिकवा.

शिकवायचे ते इतकेच. काचेची तीनशे मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहील अशी काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांचे दोन-दोन मिलिलिटर तळाशी सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायचे, आणि वेळ व जागा तिथेच लिहायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. प्राणवायू असा साक्यात बांधला गेला की बाटली सावलीत ठेवून काही तास निर्धास्त नेता येते, डिकीतूनसुद्धा.

आता कागद काढतो. पुढच्या रांगेला दिसत असेल: साका तपकिरी आहे, पण बराच फिकट. नेमका आकडा हवा असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे. ब्युरेट, म्हणजे थेंब-थेंब द्रावण मोजून सोडणारी काचनळी, मांडून ठेवले आहे, आणि चिठ्ठीनुसार माझ्याकडे अजून एक मिनिट शिल्लक आहे.