वाचवायला आलेला बुडतो तेव्हा

मंडळी, आज आपण पाहणार आहोत तो चित्रपट १९४६ सालचा आहे. फ्रँक काप्रांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. नाताळ, बर्फ, खचलेला माणूस आणि त्याच्या मदतीला आलेला देवदूत, असे चित्रपट हॉलीवूडने पुढे ढिगाने काढले. बरेच जण त्यांना भाबडे म्हणून बाजूला सारतात. मला मात्र वाटतं, दुःखात असलेल्या माणसाशी कसं वागावं, हे यातल्या चांगल्या चित्रपटांना फार नेमकं कळलेलं आहे. त्याबद्दलच थोडं बोलतो.

जॉर्ज बेली नाताळच्या आदल्या रात्री पुलावर उभा आहे. तो चालवत असलेल्या घरकर्ज संस्थेचे आठ हजार डॉलर हरवलेत, तुरुंग समोर दिसतोय, नदीत उडी टाकायची एवढंच उरलंय. अशा वेळी देवदूताने काय करावं? आकाशवाणी? उपदेश? क्लॅरेन्स नावाचा हा म्हातारा देवदूत स्वतःच नदीत उडी मारतो आणि 'वाचवा, वाचवा' म्हणून ओरडतो. जॉर्ज आपलं मरण विसरून त्याला बाहेर काढतो. नंतर पुलाच्या चौकीत दोघांचे कपडे वाळत असताना क्लॅरेन्स शांतपणे सांगतो, मी तुला वाचवायला उडी मारली. त्याच्या अंगात जुन्या वळणाचा अंतर्वस्त्राचा झगा आहे. तो म्हणतो, हा बायकोने वाढदिवसाला दिला होता, मी गेलो तो यातच. क्लॅरेन्सचं असलं बोलणं ऐकत बसलेला चौकीदार खुर्चीवरून कोलमडतो.

हा विनोद तोंडी लावायला घातलेला नाही. ज्याचं सगळं संपलंय त्याच्यापुढे कुणी तेजस्वी, सर्वज्ञ उभा राहिला तर तो आणखीच खचेल. क्लॅरेन्स दुय्यम दर्जाचा देवदूत आहे, त्याला अजून पंखही मिळालेले नाहीत. तो गरजू आहे, आणि म्हणूनच जॉर्जला त्याचा हात धरता येतो.

वडील गेले त्या वर्षी समाचाराला येणारा प्रत्येक जण 'आता तूच घरातला मोठा, धीर धर' असं मला सांगून जायचा. त्यांचं चुकत होतं असं नाही. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू एका संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आमच्या पोराची दहावी आहे, गणित काही केल्या जमत नाहीये. जरा बसशील का त्याच्याबरोबर?" शिकवणी लावणं त्यांना परवडत नव्हतं असं मुळीच नाही. त्या बीजगणिताने मला जेवढं सावरलं तेवढं कुठल्याच सांत्वनाने सावरलं नाही.

आता या चित्रपटातला खरा शोकाचा प्रसंग. तो सुरुवातीलाच येऊन जातो. १९१९ साल. बारा वर्षांचा जॉर्ज गॉवर नावाच्या औषधविक्याकडे काम करतो. गल्ल्यापाशी एक तार पडली आहे: गॉवरचा मुलगा इन्फ्लुएंझाने गेला. तो साथीचाच काळ. गॉवर दारूच्या नशेत कॅप्सूल भरतोय, आणि डबा विषाचा आहे. औषध एका आजारी घरी जायचंय. पोरगा ते पोचवत नाही. तो रिकाम्या हाताने परतल्यावर गॉवर त्याच्या दुखऱ्या कानावर मारत सुटतो, कानातून रक्त येतं. आणि पोरगा रडत रडत काय म्हणतो? तुम्ही मुद्दाम नाही केलंत, तुम्हाला तार आलीय, तुम्ही दुःखात आहात. गॉवर कॅप्सूल फोडून भुकटी जिभेला लावतो, त्याला कळतं, आणि तो त्या पोराला मिठीत घेतो. जॉर्ज वचन देतो, मी कुणाला सांगणार नाही. ते तो पाळतो.

गॉवरचं काम एच. बी. वॉर्नर यांनी केलंय. हेच वॉर्नर १९२७च्या 'द किंग ऑफ किंग्ज' या मूकपटात येशू झाले होते. त्यांचे हात नीट बघा.

जॉर्जचे हरवलेले आठ हजार शेवटपर्यंत सापडत नाहीत, चोराला शिक्षाही होत नाही. क्लॅरेन्स त्यातलं काहीच दुरुस्त करत नाही. पैसे आणतात ती गावातली माणसं, आणि त्या गर्दीत म्हातारा गॉवरही आहे. आपल्या उधारीच्या गिऱ्हाइकांकडे फिरून त्याने पैसे गोळा केलेत. हे मला फार मोठं वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९४७ साली, 'द बिशप्स वाइफ' आला. त्यात केरी ग्रँट देवदूत आहे. टंकलेखन यंत्र आपोआप चालवणं, मद्याची बाटली कधीच रिकामी होऊ न देणं, असल्या गमती तो करतो. पण एका श्रीमंत विधवेच्या दिवाणखान्यात तो चमत्कार बाजूला ठेवून वीणेसारखं ते हार्प वाजवतो. जी धून वाजते ती तिने तरुणपणी सोडून दिलेल्या, आता हयात नसलेल्या संगीतकाराची. ती बाई, जी गावभर दरारा गाजवते, रडते. मृत नवऱ्याच्या नावाने भव्य चर्च उठवण्याचा हट्ट सोडते आणि पैसा गरिबांना द्यायला तयार होते. या चित्रपटात बिशप झालेल्या डेव्हिड निवेनची पत्नी १९४६च्या मे महिन्यात अपघाती गेली होती, दोन लहान मुलं मागे ठेवून. हे माहीत झाल्यापासून त्याचा तो ओढलेला चेहरा मला वेगळा दिसतो.

याउलट १९८५च्या 'वन मॅजिक ख्रिसमस'मध्ये बँकेतल्या दरोड्यात मारला गेलेला नवरा शेवटी जिवंत परत येतो. तो चित्रपट मी मनापासून बघितला, हॅरी डीन स्टँटनचा देवदूतही सुरेख आहे, पण हा शेवट मला मान्य नाही. ज्याच्या घरातलं माणूस खरंच गेलंय त्याने हे बघून काय करायचं? गॉवरचा मुलगा परत येत नाही.

तर आता चित्रपट. कृष्णधवल आहे, दोन तासांहून थोडा लांब आहे, आणि क्लॅरेन्स प्रत्यक्ष दिसायला दीड तासाच्या वर वाट पाहावी लागते. तोवर कंटाळू नका. तेवढ्या वेळात जॉर्ज किती जणांच्या उपयोगी पडतो, त्याकडे लक्ष ठेवा. आणि ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांनी मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जरूर जावं. मी दाराशीच बसलेला आहे.