बर्फातली चारा छावणी

नमस्कार, श्रोते मंडळी.

चारा छावणी म्हटलं की आपल्यापुढे माण-खटाव उभा राहतो, आष्टी-पाटोदा उभा राहतो. दावणीला बांधलेली गुरं, उसाचं वाढं, पेंडीची पोती आणि डोक्यावर ऊन. आज मी ज्या छावणीबद्दल बोलणार आहे ती बर्फात भरते, आणि तिथल्या जनावरांना मालक नाही. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाचं खोरं आहे. तिथे एल्कना, म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातल्या मोठ्या हरणांना, हिवाळ्यात सरकारी चारा घातला जातो. शंभर वर्षं उलटून गेली, तरी घातला जातोय.

रानातलं हरीण हिवाळ्यात उपाशी मरत असेल तर माणसाने त्याला चारा घालावा का, हा आजचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. चारा घालू नये, त्याची हिवाळ्याची जमीन त्याला मोकळी ठेवावी. चारा नको, जमीन हवी. हे मी पुन्हा म्हणणार आहे. पण आधी गोष्ट ऐका. ही गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून सावकाश सांगतो.

जॅक्सन होल हे डोंगरांनी वेढलेलं खोरं. पश्चिमेला टीटन पर्वत, उत्तरेला यलोस्टोन. उन्हाळाभर एल्क वर डोंगरात चरतात आणि बर्फ पडायला लागला की खाली उतरतात. खाली नदीकाठची सपाट कुरणं. तिथे बर्फ कमी, खुराने उकरलं की वाळलेलं गवत सापडतं. पिढ्यान् पिढ्यांचा हा रिवाज. १८८० च्या दशकात तिथे गोरे शेतकरी वस्तीला आले. त्यांनाही तीच कुरणं हवी होती, कारण त्यांच्या गुरांनाही हिवाळा काढायचा होता. त्यांनी कुंपणं घातली, उन्हाळ्यात गवत कापलं, गंजी रचल्या. थंडीत एल्क खाली आले, तर कुरणाला तार आणि सगळं गवत गंजीत.

गंजीवरून एक बोलून घेतो. आपल्याकडे घरामागची कडब्याची गंजी दिसेनाशी होत चालली आहे. बुटकी ज्वारी आली, दाणा वाढला आणि ताटं आखूड झाली. मग पुष्कळ ठिकाणी ज्वारीच गेली आणि सोयाबीन आलं. सोयाबीनच्या भुसकटावर बैल किती दिवस काढणार? दुष्काळ पडला की आपण छावणी मागतो, पण छावणी लागू नये म्हणून दोन एकर मालदांडी पेरा, असं शेतकऱ्याला कुणी कळकळीने सांगत नाही. मला हे मनापासून खटकतं. असो, खोऱ्याकडे परत येऊ.

१९०९ ते १९११ या काळात तिथे वाईट हिवाळे आले. बर्फ अमाप. त्यात मध्येच जरा ऊब येऊन पुन्हा गोठलं की वर टणक पापुद्रा धरतो, त्यापुढे खूर चालत नाही. हजारो एल्क खोऱ्यात अडकले. रात्री ते गंजींवर तुटून पडायचे आणि शेतकरी अंथरूण घेऊन गंजीपाशी राखणीला जायचे. त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गंजी गेली तर गोठ्यातली गुरं जाणार. गंजी राखली तर सकाळी कुंपणापलीकडे आणखी जनावरं मरून पडलेली. तरी लोकांनी हात आखडला नाही, गवतासाठी वर्गणी काढली. १९०९ मध्ये राज्याने गवतासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. ते कुठे पुरणार? हजारोंनी एल्क मेले. मेलेल्या जनावरांवर पाय ठेवत मैलभर चालता आलं असतं, अशी आठवण तिथले जुने लोक सांगत.

त्याच खोऱ्यात स्टीफन लीक नावाचा पशुपालक राहत होता. शिकाऱ्यांना रानात नेणारा वाटाड्या, राज्याच्या विधिमंडळातही बसून आलेला माणूस. त्याच्याकडे कॅमेरा होता. कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांनी तो त्याला दिला, असं सांगतात. लीक त्या थंडीत कॅमेरा घेऊन हिंडला. कुंपणाशी पडलेली, गंजीभोवती गोळा झालेली, उठायचं त्राण न उरलेली जनावरं त्याने टिपली. मग त्या चित्रांच्या काचेच्या स्लाइड करून तो शहराशहरांत गेला. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर एकेक चित्र लावायचा आणि बोलायचा. ज्यांनी जन्मात एल्क पाहिला नव्हता अशा लोकांना त्याने तो मरताना दाखवला. मासिकांत फोटो आले, देशभर बोभाटा झाला. १९११ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने या एल्कसाठी २०,००० डॉलर मंजूर केले आणि १० ऑगस्ट १९१२ रोजी नॅशनल एल्क रेफ्यूज या राखीव जागेला मंजुरी मिळाली. एका खेडवळ माणसाने कॅमेऱ्याच्या जोरावर हे घडवलं. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

तेव्हापासून छावणी चालू आहे. आधी घोड्यांच्या स्लेजवरून सुकं गवत टाकत. १९७५ पासून लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या घालतात. थंडीत हजारो एल्क तिथे रांगा धरून खातात. वसंतात नरांची शिंगं गळतात, ती स्काउटची मुलं गोळा करतात, मे महिन्यात जॅक्सन गावच्या चौकात त्यांचा लिलाव होतो आणि बराचसा पैसा त्या राखीव जागेलाच परत मिळतो. सुंदर दिसतं सगळं.

मग बिघडलं कुठे? थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट पोटाची. हरीण रवंथ करणारं जनावर आहे, आणि त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव हिवाळ्यातल्या काड्या-काटक्यांना सरावलेले असतात. एकदम मका, धान्य घातलं की पोटात आम्ल होतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. पोळ्याला बैलाला भाराभर पुरणपोळ्या चारल्या की दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना का बोलवावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. एल्क निदान गाईसारखा गवत खातो, त्याला सुकं गवत चालतं. तिथलंच म्यूल डिअर नावाचं लहान हरीण शेळीसारखं शेंडे-कळ्या खाणारं. त्याला गवताचा भारा टाकून उपयोग होत नाही. शिवाय भाऱ्यापाशी आधी कोण पोचतं? दांडगा नर. हिवाळ्यात सगळ्यात आधी मरतं ते पाडस, कारण त्याच्या अंगावर चरबीच नसते, आणि तेच मागे ढकललं जातं.

दुसरी गोष्ट रोगाची. माझ्या मते हीच मोठी. लक्षात ठेवा, चाऱ्याने जनावर जगतं, पण चाऱ्याने जनावर गोळाही होतं. छावणीत खुरकूत किती लवकर पसरते हे आपण जाणतो, पण आपली गुरं दावणीला असतात, लस टोचता येते. रानातल्या हजारो जनावरांना कोण टोचणार? तिथल्या एल्कमध्ये ब्रुसेला आहे, म्हणजे आपले शेतकरी ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तो. त्याहून भयंकर म्हणजे हरणांना झिजवून मारणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला. लाळेतून, मलमूत्रातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, औषध नाही आणि लसही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये शेजारच्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानातल्या एका एल्कमध्ये तो सापडला. एकाच जागी तोंडाला तोंड लावून खाणाऱ्या कळपात हा रोग घुसला तर पुढे काय होईल, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो.

छावणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, चारा बंद केलात तर एल्क आमच्या गोठ्यात शिरतील, गुरांना ब्रुसेला देतील. खरं आहे. ते म्हणतात, डोळ्यांदेखत जनावरं मरू द्यायची का? हाही प्रश्न खराच. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये म्यूल डिअरची त्या साली जन्मलेली जवळजवळ सगळी पाडसं गेली. अशा वेळी हातात भारा घेऊन निघणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याची कळवळ खरी आहे. भारा मात्र तिथे कामाचा नाही.

म्हणून पुन्हा तेच. चारा नको, जमीन हवी. ती मिळवता येते याचा दाखला त्याच राज्यात आहे. म्यूल डिअरचा एक कळप दक्षिणेतल्या रेड डेझर्टपासून जॅक्सनच्या बाजूच्या होबॅक खोऱ्यापर्यंत सुमारे २४० किलोमीटर चालत जातो. हरणांच्या गळ्यात त्यांचा ठावठिकाणा कळवणारे पट्टे घालून २०१४ मध्ये हा मार्ग नकाशावर मांडला गेला. वाटेत फ्रेमाँट तलावापाशी तो इतका अरुंद होतो की ४,००० ते ५,००० हरणांना एका चिंचोळ्या पट्टीतून जावं लागतं. ती जमीन खासगी होती आणि तिथे घरं उठण्याची भीती होती. द कॉन्झर्वेशन फंड या संस्थेने ती ३६४ एकर जमीन विकत घेतली आणि आता ती वन्यजीवांसाठी राखीव आहे. त्या पट्टीवर कुणाला भारा टाकावा लागत नाही.

जॅक्सनच्या खोऱ्यात एवढं सोपं राहिलेलं नाही. जुन्या कुरणांवर घरं आहेत, रस्ते आहेत. शंभर वर्षांची सवय एका थंडीत मोडता येणार नाही. २०१९ च्या आराखड्यात छावणी दर वर्षी उशिरा सुरू करत चाऱ्यावरच्या एल्कची संख्या कमी करायची, असं ठरलं. ती ५,००० वर आणायचं उद्दिष्ट त्याआधीच, २००७ मध्ये घातलेलं आहे. मला हा मार्ग पटतो. त्यात काही हिवाळ्यांत एल्क मरतील, आणि फोटोही निघतील, लीकने काढले होते तसेच. ते का मरताहेत आणि चारा का वाढवला नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांना आत्ताच, बर्फ पडायच्या आधी, समोर बसून सांगितलं पाहिजे.

नमस्कार.