शेऱ्याचा रकाना

(दृश्य: कळमना, पहाट. संत्र्यांचे ढीग, हमालांची धावपळ.)

मार्च महिना. नागपूरच्या कळमना फळबाजारात मृग बहाराची संत्री उतरताहेत. काटोल, नरखेडकडून रात्रीच निघालेल्या गाड्या रांगेत लागल्यात. हर्रास सुरू झाला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. या गलक्यात चहाच्या टपरीला टेकून दोन पोरं आठ दिवस झाले उभी आहेत. त्यांनी एक ॲप बनवलंय.

गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ, भाड्याच्या खोलीत. संत्रा उत्पादकाला रोजचा भाव कळावा म्हणून. उघडताच पाटी झळकायची, ‘नागपूर संत्रं, भौगोलिक मानांकन २०१४’. मग काळ्या पडद्यावर भावाचा आलेख, केशरी रेघ. या आलेखावर तीन महिने गेले होते.

बाजारातल्या उन्हात ती रेघ दिसतच नव्हती. पण तो रंगाचा प्रश्न, त्याच संध्याकाळी सुटला.

खरी गोम नोंदी चाळताना कळली. भावाचं पान लोक उघडत आणि लगेच बंद करत. तळाशी मात्र ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता, कुणाला काही सुचवायचं असेल तर असावा म्हणून ठेवलेला. तो भरून वाहत होता. सूचना एकही नाही. ‘४२ कॅरेट. गाडीभाडं बाकी.’ ‘बारीक माल वेगळा मांडला.’ ‘हमाली दिली, तोलाई पट्टीतून कापली.’

(दृश्य: सुरकुतलेला हात, चुरगळलेली पट्टी, म्हणजे अडत्यानं दिलेली हिशोबाची चिठ्ठी.)

नरखेडकडच्या एका काकांना विचारलं, तर ते हसले.

“भाव त मले अडत्या फोनवरच सांगते बाप्पा. घरी गेल्यावर भाऊ इचारते, माल किती होता, हाती किती आले? तवा पट्टी सापडत नाई.”

त्यांनी खिशातली पट्टी दाखवली. घामानं कार्बनची निळी अक्षरं पसरली होती.

इन्स्टाग्रामची कथा दोघांना पाठ होती. आधीचं ॲप बर्बन, ‘मी इथं आहे’ सांगायचं. लोक त्यात फोटोच टाकत राहिले, म्हणून बाकीचं छाटलं आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. कथा पाठ असली म्हणून स्वतःचा आलेख पुसायला हात उचलतो थोडाच? ज्यानं तो काढला होता, तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर त्यानंच विषय काढला.

आता ॲपमध्ये पट्टीचा फोटो, माल, भाडं, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम. वर एका ओळीत आजचा भाव. सगळा हिशोब एका बोटानं घरच्यांना पाठवता येतो. “आपलं ॲप आता भाव नाही, भावाला दाखवतं,” असं चिडवायला दुसरा मोकळा.

काकांनी नवं ॲप उघडलं. पट्टीचा फोटो काढला, आकडे भरले, खाली-वर बोट फिरवलं. मग चष्मा वर करून म्हणाले,

“पोट्टेहो, शेऱ्याचा रकाना काहून काढला?”